आवाज बंद केलेली हळद

या अंकासाठी लेख द्या, असे शेजारच्या वहिनींनी म्हटले तेव्हा मी प्रथम नकार दिला. लेखन हा माझा प्रांत नाही. शिवाय ज्या नोकरीविषयी मी लिहावे अशी त्यांची इच्छा होती, ती मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर धरली आणि ती रुळते न रुळते तोच संपलीही. ज्यांनी उभी हयात एका कामात घालवली, त्यांच्या पंक्तीला आपलेही पान मांडून बसणे हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. मी लिहिते आहे ते एवढ्याचसाठी की एक प्रश्न माझ्याकडे फार दिवस पडून आहे आणि तो कोणाला विचारावा हे मला कळलेले नाही.

लग्नकार्यात कोणी विचारले की मी सांगत असे, ‘मी व्हिडिओ तपासते.’ त्यावर ठरलेले उत्तर येई, ‘म्हणजे दिवसभर मोबाईल बघायचे पैसे मिळतात? आमचा मुलगा फुकट बघतो हो.’ यावर मी हसत असे, कारण याहून वेगळे काय करावे हे सुचत नसे.

काम असे होते. एका मोठ्या ॲपवर लोक जे व्हिडिओ टाकतात, त्यांपैकी मराठी व्हिडिओ तपासण्याचे कंत्राट खारघरमधील एका कचेरीकडे होते. सगळेच व्हिडिओ माणसे पाहत नाहीत. आधी यंत्र चाळते. ज्यांत त्याला मारहाण, शस्त्र, रक्त यांचा संशय येतो, किंवा ज्यांच्याविरुद्ध कोणी तक्रार करते, तेवढे आमच्यापुढे येतात. आम्ही तीनपैकी एक गोष्ट करायची: चित्रफीत काढून टाकायची, तिच्यावर इशाऱ्याचा पडदा घालायचा, किंवा ती राहू द्यायची. कारण आपल्या मनाचे द्यायचे नाही, नियमावलीतले द्यायचे. नियमावली इंग्रजीत होती, आणि ती लिहिणाऱ्यांनी आपल्याकडची एकही हळद पाहिलेली नव्हती.

बाहेरच्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगायला हवी. आम्ही चित्रफिती लोक पाहतात तशा पाहत नसू. रंग काढून टाकलेला, आवाज बंद, वेग वाढवलेला. रंगीत रक्त आणि खऱ्या किंकाळ्या दिवसभर सोसल्या तर माणूस टिकत नाही, हा त्यामागचा विचार. गरज पडली तर आवाज, रंग सुरू करण्याची मुभा होती, पण समोर रांग लागलेली असताना ती गरज सहसा पडत नसे. त्यामुळे सगळे जग आम्हाला राखाडी, मुके आणि घाईत असलेले दिसे.

मुलाखतीच्या वेळी माझ्या मुलीच्या वयाच्या एका तरुणीने विचारले होते, ‘मॅम, तुम्हाला ब्लड बघून काही होतं का?’

मी म्हटले, ‘मासे मी घरीच साफ करते.’

ती हसली आणि मला नोकरी मिळाली. पुढे एका मच्छीमार बाईंची चित्रफीत समोर आली तेव्हा या उत्तराची आठवण झाली. उरणकडच्या त्या बाई घोळ मासा कापून दाखवत होत्या आणि यंत्राने त्यांना खुनाच्या संशयावरून रोखले होते. त्यांनी हातातली सुरी न ठेवता दुसरा व्हिडिओ टाकला, ‘म्हावरा कापला त खून झाला काय? मंग तुमी जेवताव काय, दगरं-धोंडं?’ हातात सुरी असल्यामुळे यंत्राने तोही रोखला. दोन्ही सोडवून देताना मला फार समाधान वाटले. या नोकरीत असे दिवस थोडे.

माझे पदव्युत्तर शिक्षण मानसशास्त्रातले, आणि योगायोग असा की त्या वेळी मी प्रबंधिका लिहिली ती याच विषयावर: पडद्यावरची हिंसा पाहून माणूस हिंसक होतो का? एक पक्ष म्हणतो, होतो. पाहून पाहून हात शिकतात आणि मन बधिर होते. दुसरा म्हणतो, ज्याच्या घरात, गल्लीत, डोक्यात आधीच आग आहे तोच पेटतो; पडद्याला उगाच दोष. मी दोन्ही बाजू नीटनेटक्या मांडल्या, मधोमध उभी राहिले आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. त्यानंतर लग्न, नवीन पनवेलचे घर, सासऱ्यांचे दीर्घ आजारपण. ते गेल्यावर घरात एवढी शांतता झाली की मी नोकरी शोधली.

जेवणाच्या सुट्टीत हाच वाद निराळ्या भाषेत चाले. आमचे टीम लीड शेख सर पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातले, अदबशीर, आवाज कधीही न चढवणारे. ते म्हणत, ‘मॅडम, बघून माणूस बिघडला असता तर सगळ्यात आधी आपण बिघडलो असतो. आपल्याएवढं कोण बघतं?’

‘आपन बिघरलो नाय, असा कोनी सांगितला सर तुमाला?’ हे हेमलताचे उत्तर.

हेमलता माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसे. पनवेलच्या पलीकडे, विमानतळामुळे ज्यांची शेते गेली त्या आगरी गावांपैकी एका गावातली. वय पस्तिशीचे, जीभ धारदार, मन मोठे. मला ती काकी म्हणे. कोणी हात उचललेला दिसला की माझे बोट आपोआप कळ दाबल्यासारखे हलते, हे प्रथम तिनेच ओळखले. घरी यजमान पंख्याचे बटण दाबायला हात वर करत आणि माझे बोट हले. ‘काकी, काकांना एक दिवस डिलीट कराल तुमी,’ ती म्हणे. मी हसे, पण त्या हसण्यात मला थोडी भीती वाटे, हे खरे आहे.

हळदीचे शास्त्र मला तिनेच शिकवले. ‘आमच्यान हळदीला भावजींना उचलून पान्याच्या पिपान घालतान, तोंडाला हळद फासून वलकू येनार नाय असा करतान. त्याला मारामारी बोलू नका.’ उन्हाळ्यात लगीनसराई सुरू झाली की यंत्र अशा फितींचा नुसता पाऊस पाडी. गर्दी, ढकलाढकली, माखलेले चेहरे. यंत्राला ती दंगल वाटे. मी मात्र तयार झाले होते. माखलेला चेहरा दिसला, मागे माणसे हसताना दिसली, की राहू द्या.

त्या सकाळी आलेली चित्रफीतही मला तशीच वाटली. मांडव. हळदीने माखलेला एक तिशीचा पुरुष. दुसऱ्या एकाने त्याची कॉलर धरली आणि सणसणीत थोबाडीत मारली. तो मागच्या भल्यामोठ्या स्पीकरवर आदळला. भोवतीची माणसे हसत होती, बहुतेकांचे हात मोबाईल धरून वर. चौकटीच्या अगदी कडेला, पाटावर, एक म्हातारी बाई बसली होती. तिच्यापुढे सूप होते आणि तिचे ओठ हलत होते. रक्त नाही, शस्त्र नाही. मी राहू द्या दाबले आणि पुढे गेले.

थोड्या वेळाने तीच फीत पुन्हा आली. या वेळी तिला गाणे जोडलेले होते. मग आणखी एक: तीच थोबाडीत तालावर पुन्हा पुन्हा. मग त्या माणसाला गाढवाचे कान. संगीत बदलले की यंत्राला ती नवी फीत वाटते. म्हणून प्रत्येक वेळी ती नव्याने आमच्यापुढे. चहाच्या वेळेपर्यंत आमची ओळच्या ओळ तो माणूस मार खाताना पाहत होती. पलीकडे एक सहकारी हसलाही. मस्करीच ती, असे आम्ही सगळेच समजत होतो.

तेव्हा हेमलताने हात वर केला.

आमच्याकडे हात वर करण्याला एकच अर्थ होता: समोरच्या फितीतल्या माणसाला मी ओळखते. असे झाले की ती फीत दुसऱ्याकडे द्यायची, आणि त्या माणसाशी त्या विषयावर एक अक्षर बोलायचे नाही. बोललेले कळले तर नोकरी जाई.

शेख सर आले. ‘कोण आहे?’

‘सर, यो मना नको,’ एवढेच ती म्हणाली आणि उठून गेली. सरांनी तिच्या रांगेतल्या सगळ्या प्रती माझ्याकडे वळवल्या.

मी तिच्यामागोमाग हात धुण्याच्या जागी गेले. ती नळ सोडून नुसती उभी होती.

‘काकी, यो आमचा संदेश. माझ्या मावशीचा पोर.’

‘अगं, पण मस्करीच ना ती? तूच सांगितलंस, हळदीला—’

‘आवाज लावून बगितलाव?’

मी परत आले, कानावर हेडफोन चढवले आणि त्या दिवशी प्रथमच ती फीत रंगांसह, आवाजासह, तिच्या स्वतःच्या वेगाने पाहिली. डीजेचे धडधडणे. मग दोन गाण्यांच्या मधली छोटी फट. त्या फटीत संदेशचा आवाज येतो, अगदी मऊ, ‘दादा, जरा बंद ठेव ना. आये गाते.’

दुसरा म्हणतो, ‘तुज्या आयशीला घरा ने. कोन ऐकते तिचा रडगाना?’

थोबाडीत. हशा. डीजे पुन्हा सुरू. कडेच्या म्हातारीचे ओठ मार बसण्याआधी हलत होते तसेच नंतरही हलत राहतात.

ती संदेशची आई. आगरी लग्नात धवले गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. हळदीपासून लग्नापर्यंत प्रत्येक विधीला तिचे गाणे लागते; तिच्या गाण्यातूनच देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवाचे बोलावणे जाते. हेमलताची मावशी त्या गावाची धवलारीण होती, आणि मारणारा हर्षल हा नवरीचा चुलतभाऊ. हळद आदल्या रात्री झाली होती; लग्न त्या दिवशी संध्याकाळी, त्याच मांडवात होते.

मी शेख सरांकडे गेले. कोणापुढे जाऊन काही मागणे मला जन्मात जमलेले नाही, तरी गेले.

‘सर, ही मस्करी नाही. ही काढायला हवी.’

त्यांनी पूर्ण ऐकली. मग चष्मा काढून पुसला. ‘मॅडम, कारण काय लिहिणार? खून नाही, जखम नाही, हत्यार नाही. एक थप्पड. एवढ्यावर काढायचं म्हटलं तर मालिकांची निम्मी दृश्यं काढावी लागतील.’

‘त्याचा अपमान झाला आहे.’

‘त्याचं कलम आहे. पण त्याला ज्याचा अपमान झाला त्याची तक्रार लागते. तुमची-माझी चालत नाही.’ हेमलता दाराशी येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, ‘मी जोहरच्या नमाजला जातोय. परत येईन तेव्हा मला काही ठाऊक नसेल. इन्शाअल्लाह.’

मजल्यावर मोबाईल नेण्यास बंदी होती. आम्ही आपापल्या कपाटांतून ते काढले आणि जिन्यात गेलो. हेमलताने आधी संदेशच्या बायकोला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ती रडत होती. संदेश न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. सकाळी तो कामावर गेला. तिथे यार्डातल्या कोणीतरी त्याला गाढवाच्या कानांची फीत दाखवली, आणि तो ट्रेलर तसाच लावून घरी परतला होता. येताना केबिनमधली टॉमी घेऊन आला होता. टॉमी म्हणजे ट्रकचे टायर खोलताना वापरतात ती लोखंडी पहार.

‘त्याना दे फोन,’ हेमलता म्हणाली.

‘हेमा, कामावरशी फोन नको करू. तुजी नोकरी जाल,’ पलीकडून आवाज आला. फितीतला तोच मऊ आवाज. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

‘टॉमी कशाला आनलीस घरा?’

‘टायर बदलाचा हाय.’

‘घरान कंचा टायर रे तुजा?’

तो हसला. ‘काल गालावर पडली ती काय नाय गो. बाराजनांनी बगितली, सकाली विसरली असती. आता यूपीचा डायवर मना यार्डान विचारते, भाई ये तू है क्या.’ मग म्हणाला, ‘संध्याकाली लगनाला जातंय मी. आयेला न्यावा लागल ना.’

हेमलताने त्याला तक्रारीचे सांगितले. फोनवर एक खूण दाबायची, हा मीच आहे, हे काढा असे कळवायचे. बाकीचे आम्ही करू.

‘मी तक्रार करू? कोनाकरं? मोबाईलकरं?’ आता आवाज चढला. ‘मंग गावान काय बोलतील? मार खाला मांडवान नि रडला मोबाईलपाशी! त्यापेक्षा गप बस, हेमा. मी बगतंय काय ते.’ फोन बंद झाला.

मी प्रबंधिकेत पाहणाऱ्यांविषयी पानेच्या पाने लिहिली होती. पाहणारा शिकतो का, बधिर होतो का, पेटतो का. ज्याला पाहिले जाते त्याचे काय होते, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही कोणाला विचारला नव्हता. खून-रक्ताच्या फिती आम्ही क्षणात उडवत होतो; आणि जी फीत एका माणसाच्या हातात पहार देत होती, तिला नियमावलीत नावच नव्हते.

नियमावलीचा विचार मनात आला म्हणूनच असेल, पण तिच्यातले वाक्य मला आठवले. मी कोरड्या पाठांतराची बाई आहे. त्याचा आयुष्यात एवढाच उपयोग झाला. ‘अपमान झालेली व्यक्ती’ असे तिथे नव्हतेच. ते शेख सरांनी सोपे करून सांगितले होते. मूळ इंग्रजी शब्दांचा अर्थ होता, ‘चित्रफितीत ओळखू येणारी आणि अवमानित झालेली कोणतीही व्यक्ती.’

‘हेमलता, मावशीपण आहेत त्या फितीत. कडेला. आणि रडगाणं म्हटलंय ते त्यांनाच.’

तिने पुन्हा संदेशच्या बायकोला तसाच स्पीकरवर फोन लावला आणि तो मावशीच्या हाती द्यायला सांगितले. मग अचानक माझ्याच हातात कोंबला. ‘तुमी बोला. माझा ती ऐकाची नाय.’

मी शक्य तितक्या आदराने सगळे समजावून सांगितले. पलीकडे मावशींनी ते ऐकून घेतले. मग, ‘हेमे, यी कोन मास्तरीन बोलते गो?’

‘माझ्या कामावरची काकी हाय, मावशे. ऐक तिचा.’

‘बाय, माझी कसली बेइज्जत?’ मावशी मला म्हणाल्या. ‘मी देवाला बोलवत व्हते. देव आलं. मानसांचा मना काय करायचाय?’

‘पण मावशी, संदेश...’

‘पोराचा मना दिसते. मी आंधली नाय.’ मग त्यांनी विचारले, ‘त्या तुमच्या पिक्चरान माझा गाना ऐकाय येतंय का?’

खोटे बोलावेसे वाटले. ‘नाही मावशी. डीजेचा आवाज आहे. तुमचे ओठ हलताना दिसतात.’

‘नुसती ओठं?’

‘हो.’

‘म्हंजे म्हातारी येकटीच बसून तोंड हलवते, असा सगल्या मुलखाला दिसते?’ त्यांचा स्वर प्रथमच तापला. ‘वेरी हाय काय मी? काडा ती! कंचा बटन दाबाचाय, हिला सांगा, माझी सून दाबते.’

सुनेने ते दाबले. मी जाग्यावर धावत गेले. धावले असे लिहिताना संकोच वाटतो, पण धावले. तक्रार रांगेत शिरली, मी ती उचलली आणि मूळ फीत काढली. कारणाच्या रकान्यात नियमावलीतले ते वाक्य जसेच्या तसे टाकले. प्रती मात्र एकेक करून काढायच्या होत्या. शेख सर नमाजहून परतले, माझ्यामागे उभे राहून पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाले, ‘आज हळद फार आलेली दिसते. सगळ्यांनी थोडी थोडी घ्या.’ सकाळी हसलेला सहकारीही मान खाली घालून काढत होता. आम्ही काढत होतो आणि कोणीतरी टाकत होते. कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये ती उतरवून घेतलेली असणार, एकमेकांना पाठवलेली असणार. तिथे आमचा हात पोहोचत नाही. पाळी संपली तेव्हा रांगेत ती दिसेनाशी झाली होती. हेमलता तशीच लग्नाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची खुर्ची रिकामी होती. मी फोन कपाटात ठेवून बसले होते, म्हणून काही कळण्याची सोय नव्हती. रांग सुरू झाली. प्रत्येक फीत उघडताना मी आधी मांडव आहे का ते पाहत होते, कारण त्या मांडवात काही घडले असेल तर ते मला प्रथम इथेच दिसणार होते, राखाडी आणि मुके. एका फितीत मांडव दिसला. मी आवाज लावला. दुसऱ्या गावचा, दुसराच होता.

चहाच्या सुट्टीला हेमलता आली. हात पिवळे, डोळे जागरणाने सुजलेले, हातात बुंदीच्या लाडवांची पिशवी.

‘काय झालं?’

‘आधी लारू घ्या.’

‘हेमलता!’

‘काय नाय झाला, काकी. म्हंजे, व्हनार व्हता.’ ती खाली बसली. ‘टॉमी गारीन व्हतीच. मांडवाच्या तोंडाला हर्षल उबा. संदेशला बगून हसला नि मोबाईल वर केला. परत शूटिंग. संदेश गारीकरं वललाच. तवा मावशीना आपला सूप त्याच्या हातान दिला. नारळ, तांदूल, दिवा, सगला मांडलेला. बोल्ली, धर दोनी हातांनी, सांडू नको, यान देव हायत. नि चालाय लागली पुरं. त्यो काय करल? दोनी हात भरलेलं. लगीन लागस्तवर सोरला नाय तिना त्याला.’

‘आणि हर्षल?’

‘त्यो काढीत व्हता शूटिंग. मंग मावशी घरातल्या गेलेल्या मानसांना बोलवाय लागली. त्यान हर्षलच्या आजाचा नाव आला. त्या आजानाच त्याला वाढवलेला. तवा मोबाईल खाली झाला त्याचा.’ तिने लाडवाचा तुकडा मोडला. ‘माफी बिफी काय नाय हां. तसा नका समजू. टॉमी परत केबिनमदे गेली, येवराच.’

त्या दुपारी जेवताना वाद झाला. शेख सरांच्या मते फीत वेळेवर उतरली म्हणून माणसाला मागे फिरायला जागा मिळाली. हेमलताच्या मते फीत असती तरी आणि नसती तरी मावशीने सूप दिलेच असते. मला विचारले तेव्हा मी, माझ्या सवयीप्रमाणे, दोघांचेही थोडे थोडे बरोबर असल्याचे सांगितले. हेमलता म्हणाली, ‘काकी, पेपर नाय लिवाचा इथं.’

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिले नसते. लगीनसराई सरता सरता एक हळदीची फीत आली, निराळ्या तालुक्यातल्या गावाची. मला आता सवय लागली होती. मी आवाज आणि रंग लावूनच पाहिली. कोवळी मिसरूड फुटलेला एक तरुण दुसऱ्याची कॉलर धरतो, त्याच पद्धतीने, आणि तशीच थोबाडीत देतो. मागे तेच गाणे, जे आमच्या फितीला कोणीतरी चिकटवले होते. भोवतीचे सगळे मोबाईल आधीच वर धरलेले. काय होणार हे त्यांना ठाऊक होते. मार खाणाराही आधी हसत होता, त्यालाही बहुधा गंमतच वाटत होती. मग तो कान धरून खाली बसला, आणि बोटांमधून रक्त आले.

ती काढायला मला कारण शोधावे लागले नाही. रक्त होते. त्यानंतर तशा आणखी आल्या. कोणी मित्राला, कोणी धाकट्या भावाला. दर वेळी मी त्या तरुणांच्या मागची गर्दी निरखून पाहत असे. सूप घेऊन बसलेले कोणी दिसते का, म्हणून. दिसले नाही.

यथावकाश आमचे काम बरेचसे यंत्राकडे गेले आणि कचेरी बंद झाली. शेख सरांनी भावाच्या दुकानात लक्ष घातले. हेमलता मावशीबरोबर धवले गायला जाते आणि म्हणते की आता मावशीचे ओठ हलताना लोकांनी खुशाल शूटिंग करावे, फक्त आवाजासकट. माझे बोट अजून हलते, पण पूर्वीपेक्षा कमी.

मी पुन्हा माझी प्रबंधिका काढून वाचली. वाईट लिहिलेली नाही. मात्र तिच्यात एक माणूस कुठेच नाही: ज्याने स्वतः मारले नाही, ज्याला मार बसला नाही, ज्याने फीत बनवलीही नाही, ज्याच्याकडे ती फक्त आली, ज्याने ती पाहिली, जो थोडा हसला आणि ज्याने ती पुढे पाठवली. आमच्या रांगेत तो कधी दिसत नसे. त्या एका दिवशी त्याच्यासारख्या हजारोंनी मिळून संदेशच्या हातात ती पहार दिली, असे मला वाटते. पण माझी खात्री नाही, आणि खात्री नसताना ठामपणे बोलणे मला जमत नाही. म्हणून विचारते.

गाढवाचे कान लावलेला तो माणूस तुमच्याही मोबाईलवर आला होता का, आणि आला असेल तर तुम्ही तो पुढे कोणाला पाठवला?